हुंकार देणारी खोली

‘नाद हेच ब्रह्म आहे, आणि ब्रह्माला आजवर कोणाची भिंत अडवू शकलेली नाही,’ असं विश्वंभर महाराजांनी दगडोबाच्या नव्या खोलीच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं, आणि ब्रह्माला अडवण्यासाठी आणलेले अंड्यांचे रिकामे ट्रे काखेतून खाली ठेवले. ट्रे वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. देवळाच्या स्पीकरचं बटन ज्याच्या हाती, त्या माणसाला कुरुंद्याच्या बाजारातून अंड्यांच्या ट्रेसकट जाताना गावानं पाहिलं असतं, तर ब्रह्म बाजूला राहून आमलेटाची चर्चा सुरू झाली असती.

महाराज तहसिलीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. पुढं देवळातला माइक, मशीन आणि दोन भोंगे त्यांनी आपणहून सांभाळायला घेतले. आवाजाच्या बाबतीत गावात त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता. फक्त त्यांचा सगळा अनुभव आवाज वाढवण्याचा होता. आवाज आवरण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. गावानं पुष्कळदा विनंती करूनही आला नव्हता.

दगडोबानं ट्रेकडे पाहिलं, मग आपल्या भिंतींकडे पाहिलं. चकचकीत तेलरंगाच्या भिंती, खाली आरशासारखी फरशी, वर पक्का स्लॅब. उभा जन्म मेंढरांमागं गेलेल्या माणसाची ही पहिली आणि शेवटची पक्की खोली. तिच्यासाठी त्यानं कळप विकला होता. दारात उरली होती ती चार मेंढरं आणि दोन शेळ्या. खोली पुरी झाली त्या दिवशी तो आत गेला आणि काय बोलावं ते न सुचून नुसतं ‘हो’ म्हणाला. खोलीही ‘हो’ म्हणाली. दगडोबा थक्क झाला. माळावर माणूस आरोळी देतो ती जाते ती जातेच, परत येऊन कधी विचारत नाही. आणि ही खोली शब्दाला शब्द देत होती. पुढं कितीतरी दिवस तो येईल त्याला हाताला धरून आत नेई आणि ‘काही बोला तर खरं’ म्हणे. लोक बोलत, खोली हुंकार देई, आणि मग पाहुण्यांना चहा मिळे.

खोली बांधली होती ती पोरगा शिवहार आणि सून मोहिनी यांच्यासाठी. शिवहार टेम्पो चालवायचा. गावची हळद भरून हिंगोलीच्या बाजारात न्यायची, येताना मिळेल ते भाडं आणायचं. भाडं मिळालं तर बरं, नाही मिळालं तर रिकामा टेम्पो आणि त्यात मोठ्यानं लावलेली गाणी. मोहिनीचा भाऊ पुण्यात होता, आणि दोघांनाही तिकडं कामाला लावतो म्हणून आठवड्याला फोन करायचा. ‘जाऊ नका’ हे काही दगडोबानं म्हटलं नाही. त्याच्या घराण्यात असं कोणी कोणाला म्हणतच नसे. मेंढरं घेऊन निघणारा निघायचा आणि मागं राहणारा भाकरी बांधून द्यायचा, एवढंच. म्हणून मग त्यानं तोंडानं बोलायच्या ऐवजी स्लॅब टाकला.

आता मोहिनीबद्दल. दगडोबाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं त्याला रोज दुपारी पेपर वाचून दाखवायला सुरुवात केली. पुढं डोळा लख्ख झाला, तरी वाचन बंद झालं नाही, कारण डोळा लख्ख झाल्याचं दगडोबानं कोणाला सांगितलं नाही. ती वाचायची आणि तो हुंकार द्यायचा. ही जुनी रीत. रात्री मेंढरांच्या वाड्यावर कोणी गोष्ट सांगत असला तर ऐकणाऱ्यानं थोड्याथोड्या वेळानं ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ थांबला की सांगणारा समजायचा, गडी झोपला. मग गोष्ट तिथंच थांबायची. दगडोबा हळदीच्या भावाला ‘हं’ म्हणायचा, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला ‘हं’ म्हणायचा, वधू पाहिजेच्या जाहिरातींना तर दोनदा म्हणायचा. आणि त्या ‘हं’वर पाय ठेवत ठेवत मोहिनीचं वाचन असं काही चालायचं, की पंचफुलाबाई, म्हणजे दगडोबाची बायको, निवडायचं सूप घेऊन हळूच जवळ सरकायची आणि आपल्याला पेपरातलं काही कळत नाही असं दाखवत सगळं ऐकायची.

हेच वाचन मोहिनीनं नव्या खोलीत मोबाइलवर रेकॉर्ड करून पुण्याच्या एका कंपनीला पाठवलं. ती कंपनी लोकांकडून घरबसल्या पुस्तकं वाचून घ्यायची. तिथल्या निता मॅडमचं उत्तर आलं: आवाज फार चांगला, उच्चार स्वच्छ, पण तुमच्यापेक्षा तुमची खोली जास्त ऐकू येते. विहिरीत बसून वाचल्यासारखं वाटतं. खोली सुधारा आणि परत पाठवा.

शिवहार आणि मोहिनीनं ठरवलं, पाडव्यापर्यंत हे काम जमलं तर इथंच राहू, नाही तर पाडवा झाला की पुणं. हे त्यांनी दगडोबासमोर, संध्याकाळी भाजी कोणती करायची असं विचारल्यासारखं, सहज सांगितलं. दगडोबा ‘बराबर हाय’ म्हणाला, आणि बाहेर जाऊन, नुकतीच पाणी पिऊन बसलेल्या शेळीला परत पाणी दाखवून आला. ज्या खोलीनं लेकरांना धरून ठेवायचं, तीच हुंकार देऊन देऊन त्यांना वाटेला लावायला निघाली होती. शेळीला हे सांगण्यात अर्थ नव्हता.

तर खोलीचा हुंकार मारायचा होता, आणि तो खर्च न करता मारायचा होता, कारण पाडव्यापर्यंत पैसा मोडायचा नाही असा शिवहारचा नियम होता. मोबाइलवर त्यानं भिंतीला लावायचा काळा स्पंज शोधला. त्याची किंमत ऐकून पंचफुलाबाईनं विचारलं, की एवढ्यात तर एखाद्याचं लगीन होतं, भिंतीचं काहून करून राहिला?

म्हणून अंड्यांचे ट्रे. गावोगावी ट्रे लावूनच स्टुडिओ होतात, असं महाराजांनी खात्रीनं सांगितलं. डिंक आणायचा म्हणजे खर्च, म्हणून कणकेची खळ शिजवून त्यांनी स्वतः देखरेख करत चारी भिंतींना ट्रे चिकटवून घेतले. मग मोहिनीनं मधोमध उभं राहून टाळी वाजवली. आधी टाळीनंतर ‘टणण’ व्हायचं. आता टाळीनंतर ‘टणण’ झालं आणि एक ट्रे पडला. पातळ पुठ्ठाच तो, त्यात कुठला आवाज जिरतोय. तरी महाराजांचं म्हणणं असं, की खळ अजून ओली आहे, वाळली की फरक पडेल. ती वाळायच्या आत एका शेळीनं दार लोटलं. पुठ्ठ्याला कणिक लावून उभा ताटासारखा मांडून ठेवलेला पदार्थ तिनं आयुष्यात प्रथमच पाहिला असावा. तोंड पोचत नव्हतं तो वरचा भाग तेवढा शिल्लक राहिला.

त्या दिवशी दगडोबा उरलेल्या मेंढरांत जाऊन बसला. सहज म्हणून त्यानं टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथंच मेली, कोणीतरी तळहात ठेवून दाबल्यासारखी. त्यानं परत वाजवली. मेंढरांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याला काय झालं असं त्यांना वाटलं असावं, आणि त्यांचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही, कारण तो लगबगीनं उठला, कातर शोधली आणि लोकर कातरायला बसला. फाल्गुनाचे दिवस, कातरायची वेळही तीच होती. कातरलेली लोकर आणि माळ्यावर पडलेली जुनी लोकर त्यानं हळदीच्या रिकाम्या पोत्यांत सैलसर भरली आणि पोती बांबूला बांधून भिंतींवर टांगली. कोपऱ्यांत दोन दोन पोती उभी केली.

‘आधी धू तरी,’ पंचफुलाबाई म्हणाली.

लोकर धुतली की तिचा कस जातो, असं दगडोबानं तिला ऐकवलं. घोंगडं विणणारेही असं म्हणत नाहीत. पण त्याला घाई होती, आणि घाईतल्या माणसाला शास्त्र लगेच सुचतं.

मोहिनीनं टाळी वाजवली. ‘थप्.’ एवढंच. दगडोबा ‘हो’ म्हणाला. खोली गप्प राहिली. क्षणभर त्याला वाईटच वाटलं, बोलतं लेकरू मुकं केल्यासारखं. पण मोहिनी हसली, आणि त्यानं वाईट वाटणं आवरतं घेतलं. वास मात्र असा होता, की महाराज दारातूनच ‘उत्तम, उत्तम’ म्हणून परत गेले.

त्या खोलीत मोहिनीनं पाच पानं वाचून पाठवली. दगडोबा कोपऱ्यात तोंड मिटून बसला होता. निदान त्याची तशी समजूत होती. निता मॅडमचं उत्तर आलं ते शिवहारनं सगळ्यांसमोर वाचलं:

‘घुमारा बराच गेला, अभिनंदन. मात्र प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी दोघंजण सहमती दर्शवतात. एक माणूस वाटतो. दुसऱ्याबद्दल ऑफिसात मतभेद आहेत.’

दुसरं होतं कोकरू. त्याच्या आईची लोकर खिडकीलगतच्या पोत्यात भरलेली. आई बोडकी होऊन अंगणात उभी, आणि तिचा सगळा वास खोलीत. कोकरानं हिशेब केला की आई आत आहे, आणि खिडकीखाली उभं राहून ते तिला हाका मारत राहिलं. कोकरू आईला वासावरून ओळखतं, हे कुरुंद्यात दगडोबाइतकं कोणाला माहीत असणार? वासाची हीच युक्ती करून त्यानं कितीतरी पोरकी कोकरं दुसऱ्या मेंढीच्या कासेला लावली होती. पंचफुलाबाईनं त्याला त्याची आठवण करून दिली, आणि पुढं विचारलं की पहिला ‘हं’ कोणत्या मेंढराचा होता.

दगडोबानं पोती उतरवली. लोकर रिठ्याच्या पाण्यात धुतली, गच्चीवर वाळवली, परत भरली. वास गेला, कोकराला त्याची आई अंगणात सापडली, आणि दगडोबाला खोलीत यायची बंदी झाली. मोहिनीनं नाही, त्यानंच घालून घेतली. पेपरही बंद झाला. तिनं आता एकटीनं वाचायची सवय करावी, असं त्यानं पंचफुलाबाईकरवी कळवलं. तो बाहेर लिंबाखाली बसे आणि दाराकडे बघे.

पण मग निराळंच झालं. मोहिनीनं नव्यानं दोन पानं पाठवली, त्यावर निता मॅडमचा फोनच आला. त्यांनी सांगितलं, की मोहिनीच्या पाठीमागची भिंत अजून थोडी बोलते आहे. ते एक. आणि दुसरं म्हणजे वाचनातला जीव गेला आहे. ‘आधी तुम्ही कोणाला तरी सांगत होता. आता सूचना वाचून दाखवल्यासारखं वाटतं.’ शुक्रवारी दुपारी आपण फोनवर थेट ऐकू, आणि मग काय ते नक्की सांगू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. शुक्रवारनंतर पाडवा अगदी तोंडावर होता.

जीव कुठून आणायचा ते कोणालाच कळेना, म्हणून सगळे भिंतीच्या मागे लागले. इथं मात्र महाराजांचं ज्ञान खरंच कामी आलं. देवळात मागची कनात भिंतीला चिकटली की भोंगा शिट्टी मारतो आणि वीतभर पुढं ओढली की गप्प बसतो, हे त्यांनी अनुभवानं पाहिलेलं. तसं का होतं ते त्यांना सांगता येईना, आणि हे महाराजांनी कबूल केलं ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. त्यांच्या सांगण्यावरून दगडोबानं घरातलं सगळ्यात जाड घोंगडं बांबूला बांधलं आणि मोहिनीच्या खुर्चीमागं, भिंतीपासून वीतभर लांब, दोन खिळ्यांवर टांगलं.

शुक्रवारी शिवहारनं माइक आणि फोन जोडून दिला आणि तो टेम्पो घेऊन हिंगोलीला गेला. भाडं होतं, आणि इथं थांबण्याची छातीही नव्हती. वेळ जेवणाची धरली होती. गावभर हळद चाललेली. शेजारचं हळद पॉलिश करायचं ड्रम दिवसभर घडघडत असे, आणि बाहेरचा तो घडघडाट काही लोकरीनं थांबत नाही, हे एव्हाना घरात सगळ्यांना पाठ झालेलं. ड्रमवाले भाकरी खायला बसले की तेवढीच काय ती शांतता. पंचफुलाबाई कोकरू मांडीवर घेऊन लिंबाखाली बसली. शेळ्या लांब बांधल्या. पंखा बंद. दाराला आतून गोधडी अडकवायची राहिली होती, ती अडकवायला दगडोबा आत आला, आणि गोधडीचं दुसरं टोक खिळ्याला लागतं न लागतं तोच फोन लागला. बाहेर जायचं तर गोधडी काढावी लागणार. दगडोबा होता तिथं भिंतीला लागून उभा राहिला.

निता मॅडमनी दिलेलं पान समुद्रावरचं होतं. मोहिनीनं समुद्र पाहिलेला नव्हता, आणि पहिल्या चार ओळींत ते ऐकू येत होतं. शब्द बरोबर, जागा बरोबर, पण शाळेच्या बाकावर उभं राहून म्हटल्यासारखं. तेवढ्यात नव्या गिलाव्यातला डावीकडचा खिळा सुटला.

बांबू घसरला. दगडोबानं दोन ढांगांत जाऊन तो वरच्या वर झेलला, आणि घोंगड्याची दोन टोकं दोन हातांत धरून, हात पसरून, सुनेच्या पाठीमागं उभा राहिला. आवाज काही झाला नाही. मोहिनी थबकली नाही, पण तिला कळलं.

परिच्छेद संपला. तिथं ती थांबली, नेहमीसारखी, ‘हं’साठी. दगडोबाच्या ओठांपर्यंत तो आला होता. त्यानं तो परत गिळला. आणि मग त्यानं घोंगड्याची कड थोडीशी हलवली. ती मोहिनीच्या खांद्याला लागली. अगदी हळू, कोकराला पुढं लोटावं तशी.

मोहिनी पुढं वाचू लागली, आणि आता ती सांगत होती. पाणी एवढं असतं की पलीकडची कड दिसत नाही, हे ती कोणा निता मॅडमला सांगत नव्हती. ज्यानं जन्मभर डबकी आणि आड शोधत मेंढरं हिंडवली त्याला सांगत होती, आणि त्याला खरं वाटावं म्हणून जरा सावकाश सांगत होती. लाट येते, परत जाते, परत येते. घोंगडं हललं. होड्या पहाटे जातात आणि घरची माणसं किनाऱ्यावर थांबतात. घोंगडं हललं नाही. मग उशिरानं हललं. त्या वेळी तिचा आवाज किंचित ओला झाला, आणि तिनं तो तसाच राहू दिला.

पान संपलं. पलीकडून निता मॅडम म्हणाल्या, ‘हेच हवं होतं. पहिलं पुस्तक याच आठवड्यात पाठवते. खोलीही आता अगदी नीट आहे. फक्त एक करा, जे जिथं आहे ते तिथंच राहू द्या. काहीही हलवू नका.’

मोहिनीनं ‘हो मॅडम’ म्हटलं आणि खुर्ची फिरवली. मागं दगडोबा उभा होता, दोन्ही हात पसरलेले, घामानं निथळलेला, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी गालांवर आलेलं.

‘ऐकलं का मामा?’ ती म्हणाली. ‘न्हाई जात आमी. आन आता तुमालाबी हलता यायचं न्हाई.’

दगडोबानं मान हलवली. त्याचे ओठ थरथरत होते. मोहिनी उठून त्याच्यासमोर उभी राहिली. खोली बांधल्यापासून जे त्यानं एकदाही बोलून दाखवलं नव्हतं ते आज बाहेर पडणार, असं तिला वाटलं, आणि तिनं वाट पाहिली. त्यानं एकदा तोंड उघडलं, मिटलं, आवंढा गिळला, आणि फोनकडे डोळ्यांनी खुणावून अगदी बारीक आवाजात विचारलं,

‘माय, ते बंद झालं असंल तर... थोडं खोकू का?’